दाह असूनही गाठ वाढते कशी?

प्रश्न : आईला अंडाशयाचा कॅन्सर आहे, पोटात पाणी साठतं. दाह म्हणजे प्रतिकारशक्ती लढतेय ना? मग गाठ वाढते कशी? हळदीचा काढा देऊ का?

उत्तर : ताई, लढाई असते, पण आत फितुरी होते. मी सुईने काढते त्या पाण्यात मॅक्रोफेज (जंतू-कचरा गिळणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या) पेशी भरपूर असतात. इंटरल्यूकिन-६ सारख्या रसायनांच्या नादी लागून त्या गाठीलाच पोसतात. शिवाय सीसीएल-२२ नावाचं रसायन स्रवून नियामक टी-पेशी (प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या पेशी) बोलावल्या जातात. या नियामक पेशी गाठीवर तुटून पडणाऱ्या मारेकरी टी-पेशींना आवरतात. हे किती महाग पडतं बघा : २००३ च्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांच्या गाठीत टी-पेशी शिरल्या होत्या त्यांतल्या ३८ टक्के रुग्ण पाच वर्षं जगल्या, न शिरलेल्यांत फक्त ४.५ टक्के. काढ्याने ही फितुरी मोडत नाही. केमो चालू असताना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. भाजीतली चिमूटभर हळद खुशाल खाऊ दे.