ओडीसी, म्हणजे ठरलेल्या मापांबाहेरच्या मालाची गाडी यार्डात अडकली आहे. दंड भरून पुढे नेता येईल का?

प्रश्न : माझ्याकडे दोन ट्रेलर आहेत. एका कंपनीची प्रेशर व्हेसल (दाबाखाली वायू किंवा द्रव ठेवायची मोठी टाकी) महाराष्ट्रातून गुजरातमध्ये, ४१० किलोमीटरवर पोहोचवायचं काम घेतलं. कंपनीच्या कागदांवर वजन २७ टन होतं. माझ्या ट्रॅक्टर (ओढणारी गाडी) आणि लो-बेडचं (खालच्या पाट्याचा ट्रेलर) रिकामं वजन २२ टन, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) मालासह एकूण ४९ टन, म्हणून गाडी लावली. वाटेत आरटीओच्या वायुवेग पथकाने काट्यावर नेलं तर ५६ टन भरले. व्हेसलची रुंदी ३.४ मीटर आहे. ओव्हरलोड आणि माल बाहेर येणं, अशी दोन्ही कलमं लावून चलान केलं आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू नका असा लेखी आदेश दिला. कंपनी म्हणते, ‘परवानगीसाठी अर्ज टाकला होता, त्याचा नंबर आहे. दंड भरा आणि निघा. दंड आणि हॉल्टिंग (गाडी थांबल्याचं भाडं) तुमचंच.’ कंपनीचा सुपरवायझर तर काट्यावर जायच्या आधी ड्रायव्हरला सॅडल (व्हेसल ज्यांवर टेकते ते आधार) ढाब्यावर उतरवायला सांगत होता. ई-वे बिलाची (माल वाहतुकीसाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) मुदतही संपली आहे. व्हेसल एकसंध, अर्धी कशी उतरवणार? काय करू?

उत्तर : दंड भरून ही गाडी आहे तशी पुढे नेता येणार नाही. तसा प्रयत्नही करू नका.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९४(१) नुसार ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे आणि जादा वजनाच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये. तुमचे ७ टन जादा, म्हणजे ३४,००० रुपये. माल बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेल्याबद्दल कलम १९४(१अ) खाली वेगळे २०,००० रुपये. दोन्ही गुन्हे स्वतंत्र आहेत, त्यामुळे कलमांप्रमाणे एकूण ५४,००० होतात. माल उतरवण्याचा खर्च त्याशिवाय. हे दर १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहेत. कोर्टात न जाता जागेवरच रक्कम भरून तडजोड करायची तर कलम २०० खाली राज्याने अधिसूचित केलेली रक्कम लागते. म्हणून पैसे भरण्याआधी चलानावर कोणती कलमं आणि किती टन लिहिले आहेत, ते नीट वाचा.

या कलमांची खरी धार त्यांच्या परंतुकांत (कलमाला जोडलेल्या अटींत) आहे. जादा भार काढल्याशिवाय, किंवा बाहेर आलेला माल आत घेतल्याशिवाय, गाडी हलू द्यायची नाही असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. परमजीत भसीन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच सांगितलं की दंडाची तडजोड झाली म्हणून जादा माल घेऊन पुढे जायची मुभा मिळत नाही. त्याआधी काही राज्यांत ठरावीक रक्कम भरून ओव्हरलोड गाड्या राजरोस चालायच्या. ‘दंड भरा आणि निघा’ हा सल्ला त्या काळातला आहे. भरलेली पावती पुढच्या नाक्यावर चालणार नाही. तिथे नवीन चलान होईल.

कोणी सांगेल की २०१८ साली मर्यादा वाढल्या आणि सहा एक्सलच्या (चाकांच्या आसांच्या) जोडगाडीला, म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून, ५५ टन मिळतात. त्या अधिसूचनेने एक्सल भार वाढले हे खरं. पण कलम ११३ तुमच्या आरसीवर नोंदलेल्या एकूण वजनाकडे पाहतं, आणि तुमच्या आरसीवर ४९ आहेत. शिवाय ५५ धरले तरी ५६ भरतातच.

आता वजनाची पावती. कलम ११४ नुसार अधिकारी गाडीला पुढच्या मार्गावर १० किलोमीटरच्या आत, किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावर नेऊ शकतात. काट्यावर वैधमापन विभागाची चालू मुदतीची पडताळणी आहे का ते पाहा, ती दर १२ महिन्यांनी करावी लागते. लांब ट्रेलरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारा: गाडी एका वेळी पूर्ण काट्यावर बसली होती का? प्लॅटफॉर्म आखूड असेल तर पुढचा भाग आणि मागचा भाग वेगवेगळा तोलून बेरीज करतात. पोहोचरस्ता काट्याच्या पातळीत नसेल तर एक्सलवरचा भार पुढे-मागे सरकतो आणि बेरीज चुकते. असं झालं असेल तर लेखी हरकत घ्या आणि पूर्ण गाडी बसेल अशा काट्यावर फेरवजन मागा. तरीही माझं मत असं की अशा चुकीने ७ टनांचा फरक पडत नाही. फेरवजनाचा उपयोग कंपनीविरुद्ध खरं वजन पक्कं करायला होईल, चलान रद्द करायला फारसा नाही.

सुपरवायझरचं ऐकून ड्रायव्हरने सॅडल उतरवले नाहीत, हे फार बरं झालं. वजनाचा आदेश दिल्यावर गाडी न थांबवणं किंवा तोलण्याआधी माल काढणं याला कलम १९४(२) खाली ४०,००० रुपये दंड आहे, आणि तो ड्रायव्हरवर बसतो.

पुढचा मार्ग ठरवताना वजन आणि माप हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. वजनाचा प्रश्न गाडी बदलून सुटतो. मापाचा कोणत्याही गाडीने सुटत नाही, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम ९३ नुसार वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंतच चालते आणि व्हेसल ३.४ मीटरचीच राहणार. त्यासाठी सूट लागेल. कलम १९४(१अ) मध्येच तशी तरतूद आहे: राज्य किंवा केंद्र सरकारने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याने विशिष्ट माल नेण्यासाठी सूट दिली असेल तर ते कलम लागत नाही. कंपनीकडे अर्जाचा नंबर आहे, सूट नाही. आणि परवानगी मिळाली असती तरी त्यात कोणती गाडी, किती वजन आणि कोणता मार्ग लिहिला होता हे पाहावं लागलं असतं. २७ टनांवर काढलेली परवानगी ३४ टनांच्या मालाला उपयोगी पडत नाही.

वजनासाठी माल हायड्रॉलिक एक्सलच्या मॉड्युलर ट्रेलरवर (एक्सलच्या रांगा जोडून हवा तेवढा लांब करता येणारा ट्रेलर) बदली करा. २०१८ च्या अधिसूचनेत या ट्रेलरच्या प्रत्येक रांगेला (दोन एक्सल, प्रत्येकाला चार टायर) १८ टन मिळतात. चार रांगांचे ७२ टन झाले, पण ट्रेलरचं स्वतःचं वजन त्यातच धरायचं असतं. पुलरचा (ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचा) एक्सल भार वेगळा तपासायचा. ३४ टनांच्या मालाला चार रांगा पुरायला हव्यात. तरी ट्रेलर मालकाकडून एक्सलनिहाय भाराचा नकाशा सही-शिक्क्यासह घ्या, परवानगीच्या अर्जात तो लागतोच. मालाचा गुरुत्वमध्य सरकला तर एखाद्या रांगेवर जास्त भार येतो. म्हणून सॅडलच्या जागा ड्रॉइंगवर असतात त्याच ठेवा, क्रेनवाल्याच्या सोयीने बदलू नका. बदली यार्डातच आणि अधिकाऱ्यांना लेखी कळवून करा. मूळ गाडी रिकामी झाल्यावर पंचनामा किंवा नोंद मागा, कारण कलम ११४ चा आदेश तुमच्या गाडीवर आहे आणि तो पुरा झाल्याचा कागद तुमच्याकडे हवा.

परवानगीसाठी एकाच दाराशी जाऊन भागत नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या टप्प्यासाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ऑनलाइन यंत्रणेतून, राज्य रस्त्यांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाकडून, गुजरातच्या हद्दीत तिथल्या खात्यांकडून. मापाच्या सवलतीसाठी परिवहन विभाग, शहरातून किंवा गर्दीच्या टप्प्यातून जायचं तर वाहतूक पोलीस. विजेच्या तारा आड येत असतील तर वीज कंपनी. विद्युतीकरण झालेल्या रेल्वे फाटकावर हाईट गेज (उंचीची मर्यादा दाखवणारी कमान) असतो. त्यापेक्षा उंच माल रेल्वेच्या परवानगीशिवाय आणि तारांचा वीजपुरवठा बंद केल्याशिवाय नेता येत नाही. अर्जाला व्हेसलचं मापं आणि वजन दाखवणारं ड्रॉइंग, पुलर आणि ट्रेलरच्या आरसी, फिटनेस, विमा, पॅकिंग लिस्ट, बिल आणि मार्ग सर्वेक्षण जोडा. सर्वेक्षणात उंची मोजायची ती रस्त्यापासून लोड केलेल्या मालाच्या सर्वांत वरच्या टोकापर्यंत. लिफ्टिंग लग (क्रेनने उचलायच्या कड्या) आणि नोझल (पाइप जोडायची तोंडं) विसरून वरचा आकडा चुकवण्याचे प्रकार नेहमीचे आहेत. प्रत्येक पूल, वळण, टोल नाक्याची कडेची रुंद लेन आणि गाडी रात्री उभी करायची जागा लिहा.

पुलांच्या अटी कागदापुरत्या समजू नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या भारसंहितेत पुलाच्या आराखड्यासाठी ३८५ टनांचं विशेष वाहन धरलेलं आहे, पण ते ताशी ५ किलोमीटरपेक्षा हळू, पुलाच्या मध्यरेषेच्या जवळून आणि पुलावर दुसरं वाहन नसताना जाईल असं गृहीत धरून. पुलावर ब्रेक मारणं, थांबणं किंवा शेजारून बस जाऊ देणं, यातलं काहीही झालं की तो हिशेब लागू राहत नाही. म्हणून पुलाच्या दोन्ही टोकांना माणूस उभा करून वाहतूक थांबवण्याची जबाबदारी कोणाची, हे ट्रेलरवाल्याशी आधीच ठरवा.

ई-वे बिलातही मुळातच चूक झाली आहे. वाहन तपशील भरताना ‘रेग्युलर’ निवडलं असणार. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे ४१० किलोमीटरला ३ दिवस. एकसंध असून नियम ९३ च्या मापांबाहेर जाणारा माल ‘ओव्हर डायमेन्शनल कार्गो’ म्हणून नोंदवला तर दर २० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे २१ दिवस. हा एक पर्याय नीट निवडला असता तर तुमचं बिल आजही चालू असतं. मुदतवाढ बिलाची मुदत संपण्याआधीच्या किंवा संपल्यानंतरच्या ८ तासांतच मागता येते आणि ती वेळ गेली आहे. वैध ई-वे बिलाशिवाय माल निघाला आणि जीएसटी पथकाने पकडला तर जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. तेव्हा कागद दुरुस्त करून द्यायला कंपनीला लेखी सांगा, नव्या गाडीचा नंबर ई-वे बिलाच्या भाग ‘ब’ मध्ये (वाहनाच्या तपशिलात) चढल्याशिवाय पुलर हलवू नका आणि थांबवल्याचा आरटीओचा आदेश मालासोबत ठेवा. माल सरकारी आदेशाने उभा होता, करचुकवेगिरीसाठी नाही, हे त्यावरून दिसेल.

आता पैशांचं. कंपनी म्हणते तसं सगळं तुमच्या गळ्यात पडत नाही, पण सगळं तिच्यावरही ढकलता येणार नाही. कॅरेज बाय रोड कायदा, २००७ च्या कलम ८ प्रमाणे गुड्स फॉरवर्डिंग नोटमधली (माल सोपवताना पाठवणाऱ्याने भरून द्यायचा कागद) माहिती बरोबर असण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची आहे, आणि ती चुकीची किंवा अपुरी असल्याने वाहकाचं नुकसान झालं तर त्याने ते भरून द्यायचं असतं. २७ टन हे बहुधा रिकाम्या कवचाचं वजन आहे. आतलं अस्तर, सॅडल आणि ब्लाइंड फ्लँज (तोंडं बंद करणारी झाकणं) त्यात धरलेले नसावेत. फॅब्रिकेशन ड्रॉइंगवर ‘रिकामं वजन’ आणि ‘पाठवणीचं वजन’ असे दोन आकडे असतात. ते ड्रॉइंग मागवा, तुमच्या दाव्याचा पाया त्यातच सापडेल. फॉरवर्डिंग नोट केली नसेल तर बिल, पॅकिंग लिस्ट, मेल आणि व्हॉट्सॲपवरचा ‘वेट २७’ असा निरोपही चालेल. मात्र इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं, म्हणून तो फोन विकू नका आणि फॉरमॅटही करू नका.

दुसरी बाजूही ऐका. आरसीवरच्या वजनापलीकडे माल भरायचा नाही हे बंधन कॅरेज बाय रोड कायद्यानेच वाहकावर घातलं आहे. आणि ३.४ मीटरची व्हेसल गाडीबाहेर येते हे लोड करताना डोळ्यांना दिसत होतं. म्हणून १९४(१अ) चा दंड कंपनीकडून मिळेल अशी आशा धरू नका. फौजदारी दंड दुसऱ्याकडून करारान्वये वसूल करणं न्यायालयांना एकूणच पटत नाही. मी मागणी बांधीन ती क्रेन, माल बदली, हायड्रॉलिक ट्रेलरच्या भाड्यातला फरक, यार्डाचं भाडं आणि हॉल्टिंगची. ‘दंड तुमचाच’ या वाक्याने हा खर्च माफ होत नाही.

नोटीस आजच पाठवा. त्यात कळवलेलं वजन, काट्यावरचं वजन, पावतीचा नंबर, रोजच्या हॉल्टिंगचा दर आणि सात दिवसांची मुदत लिहा. मूळ भाडं अडकवलं असेल आणि तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) या कामाच्या आधीची असेल, तर एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याखाली ४५ दिवसांनंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं आणि सुविधा परिषदेकडे जाता येतं. व्हेसल मात्र भाड्यासाठी रोखून धरू नका. त्यातून उलट दावा ओढवून घ्याल.

विम्याकडे दुर्लक्ष नको. अशा अवस्थेत गाडी नेऊन अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या दाव्यात विमा कंपनी ओव्हरलोडचा मुद्दा काढणारच. अमलेंदु साहू खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने ज्या ‘नॉन-स्टँडर्ड’ (अटी मोडल्या तरी काही रक्कम देण्याच्या) निकषांचा आधार घेतला, त्यांत परवानगीपेक्षा जास्त भार असल्यास मान्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत दावा देण्याची तरतूद आहे. तेवढं मिळवायलाही भांडावं लागतं.

शेवटी परमिट. माल उतरवण्याचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याने ओव्हरलोडची नोंद परमिटवर करून ते देणाऱ्या प्राधिकरणाला कळवायची असते, हे कलम ११४(२) सांगतं. तडजोड झाली तरी ती नोंद पुसली जात नाही. नूतनीकरणाच्या वेळी खुलासा मागितला तर कंपनीने चुकीचं वजन कळवल्याचे कागद, माल बदलीची नोंद आणि परवानगीची प्रत जोडून उत्तर द्या. ड्रायव्हरचं लायसन्स निलंबित करण्याची नोटीस आली तर सुनावणीला त्याला एकट्याला पाठवू नका. वजनाचा आकडा त्याने ठरवला नव्हता, हे तिथे लेखी मांडावं लागेल आणि ते मालक म्हणून तुम्हीच मांडू शकता.