पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे

लोकमान्य नगर, इंदूर

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू रिपोर्ट घेऊन आलास आणि दारातूनच म्हणालास, ‘काका, सगळं ठीक आहे, फक्त ट्रायग्लिसराइड थोडं वाढलंय.’ मग पाहुणे आले आणि बोलायचं राहून गेलं. तेव्हापासून तो कागद डोळ्यांसमोरून हलत नाही.

ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, आणि तुझं ‘थोडं’ म्हणजे २१२. १५०च्या आत हवं. त्याखाली एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३६. पुरुषाला ते निदान ४० असावं. उपाशीपोटी साखर १०८, म्हणजे शंभराच्या वर. मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या बिघाडांचा गट, म्हणायला आम्ही पाच गोष्टी पाहतो: या तीन, शिवाय कंबर आणि ब्लडप्रेशर. पाचांपैकी तीन जुळल्या की झालं. तुझ्या तीन जुळल्या आहेत. उरलेल्या दोन तू मोजल्याच नाहीस.

‘मी तर बारीकच आहे,’ असं तू म्हणालास. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो छापला होता. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही २२.३. शरीरातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२. जास्त चरबी होती ती आपल्या पुणेकर डॉक्टरांची. आपली माणसं हातापायांनी काटकुळी दिसतात, पण चरबी पोटात आणि यकृतात साठते. तिथली चरबी इन्शुलिनला नीट काम करू देत नाही, आणि तुझ्या कागदावरचे तिन्ही आकडे बिघडतात ते त्यातूनच.

म्हणून कंबर मोज. ‘माझा नंबर बत्तीस’ हे उत्तर चालणार नाही, कारण पँट पोटाच्या खाली बांधली जाते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धर, श्वास सहज सोड, पोट आत ओढू नकोस. आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. आईचीही मोज, बायकांना ८०.

आता तुझ्या बाबांबद्दल. त्यांना अॅटॅक आला तेव्हा ते ४९ वर्षांचे होते. ‘बँकेतल्या टेन्शनमुळे झालं’ असं तुमच्या घरी म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. पण वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई-बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल तर तो धोका तुझ्याही खात्यात धरला जातो. बाबांच्या जुन्या फायली माग. आणि लायपोप्रोटीन-ए, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारा रक्तातला एक कण, याची तपासणी आयुष्यात एकदा करून घे. ते वारशाने येतं आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसत नाही. तुझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३४ आहे, त्याचं तू नावही काढलं नाहीस. रक्तवाहिनीच्या भिंतीत ते वर्षानुवर्षं साचत जातं, आणि अडथळा बराच वाढेपर्यंत काही जाणवत नाही. तुझ्या वयात ते खाली आणलं तर पुढची तीस वर्षं साठा कमी होतो. गोळी लागेल का, हे तुझ्या डॉक्टरांशी बोलून ठरव.

गोळीवरून सांगतो. माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ यायचे. प्रेशर १७०-१००. गोळीने तीन महिन्यांत १२४-८० झालं. ‘बरा झालो’ म्हणून त्यांनी गोळी बंद केली आणि यायचे थांबले. दोन वर्षांनी पक्षाघात झाला. आकडा गोळीमुळे उतरला आहे, ती बंद केली की पुन्हा चढेल, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं नव्हतं. ते मला अजून डाचतं.

सिगारेट सोड. त्यावर मी चर्चा करणार नाही.

खाण्याबद्दल मी तुला सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जाऊ नकोस असं म्हणणार नाही. इंदूरच्या पोराला ते सांगणं बरोबरही नाही. महिन्यातून एकदा गराडू, तो तळलेला कंद, खा, मजेत खा. मला काळजी वाटते ती रोजची: सकाळी पोह्यांवर मूठभर शेव, वर जीरावन मसाला, सोबत जलेबी, मग नऊ तास खुर्ची, आणि शिफ्ट संपल्यावर अकरा वाजता भरपेट जेवण. दिवसाचं मीठ सगळं मिळून पाच ग्रॅम, चहाचा जेमतेम एक चमचा, आणि आपल्याकडे शेव तर वरणभातावरही पडते. पोह्यांत मटार, शेंगदाणे वाढव, जलेबी सणासुदीला ठेव. रात्रीचं जेवण ऑफिसातच आठला उरकता येईल का ते बघ. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाल, कारण चालते स्नायू साखर उचलतात. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढ्यावर ट्रायग्लिसराइड आणि साखर दोन्ही हलतात. तीन महिन्यांनी पुन्हा तपास, एचबीएवनसीसकट, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीसकट.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला ये. अर्धा तास आधीपासून चहा नको, सिगारेट तर नकोच. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवीन आणि दोनदा प्रेशर मोजीन. बाबांची फाईल आण. बाबांनाही आण, ते गोळ्या वेळेवर घेतात का, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे.

तुझा,
डॉक्टरकाका