तिकिटाचा दर काढताना खुर्च्यांनी भागू नका

संस्थेसाठी पैसे उभे करायला तिकीट लावून कार्यक्रम ठेवला की हिशेब बहुतेकदा असा दिसतो: हॉल, साउंड, मानधन मिळून ठरलेला खर्च ६०,०००, जेवण आणि छपाईचे माणशी २००, खुर्च्या ३००, आणि संस्थेसाठी उभे करायचेत ४५,०००. साठ हजार भागिले तीनशे, अधिक दोनशे, म्हणजे माणशी ४०० पडले. वर शंभर ठेवून तिकीट ५००.

५०० मधून माणशी खर्च गेला की हातात ३०० राहतात. २०० तिकिटं गेली की खर्च निघाला, इथवर ठीक. पण शेवटची खुर्ची विकली तरी उरणार ३०,०००च. हाऊसफुल्ल होऊनही उद्दिष्ट हुकणार!

म्हणून उलटीकडून या. उद्दिष्ट खर्चातच धरा: १,०५,०००. पाहुणे-स्वयंसेवकांचे २० मोफत पास असतील तर त्यांच्या जेवण-छपाईचे ४,००० वाढवा. (पास वाटताना सगळ्यांचा हात सैल असतो, हे लक्षात ठेवा.) आता खरोखर पैसे देऊन किती जण येतील? २५० धरू. १,०९,००० भागिले २५० म्हणजे ४३६, अधिक २०० म्हणजे ६३६. ऑनलाइन पेमेंटवर २ टक्के कापले जात असतील तर दर साधारण ६५० वर जातो. या दराने १४७ तिकिटांना पासांसह ६४,०००चा खर्च भरून निघतो, त्यापुढचं प्रत्येक तिकीट संस्थेला ४३७ देतं (६५० वजा कापलेले १३, वजा माणशी २००).

२५० हा आकडा मात्र समितीच्या उत्साहावरून ठरवू नका, मागच्या कार्यक्रमांच्या विक्रीवरून ठरवा. सगळं गणित त्यावरच उभं आहे.

लवकर घेणाऱ्यांना सवलत द्यायची असेल तर तीही आधीच मांडा. १०० तिकिटं ५५० ने दिली तर २ टक्के कपात धरून ९,८०० कमी येतात आणि तरीही उद्दिष्ट गाठायला पूर्ण दराची आणखी २२ तिकिटं विकावी लागतात. पास धरून २९२ खुर्च्या झाल्या, म्हणजे हॉल जवळपास भरला. मी सवलत ४० तिकिटांवर थांबवली असती.

प्रायोजकाचे पैसे खात्यात जमा झाल्यावरच खर्चातून वजा करा, तोंडी होकारावर नको.

आणि केटररला पक्का आकडा कळवला की जेवण हा माणशी खर्च राहत नाही, कोणी येवो न येवो, तो द्यावाच लागतो. त्यामुळे विक्रीचा आढावा त्या तारखेच्या आधी घ्या. कार्यक्रम करायचा की रद्द, हे तेव्हा ठरवताना परत न मिळणारा अ‍ॅडव्हान्स विसरा. पुढे किती जाणार, किती येणार आणि रद्द केल्यास तिकिटांचे किती परत द्यावे लागणार, एवढंच बघा.