'सक्रिय वहन': यातलं सक्रिय कोण?

प्रश्न असा आहे: 'पेशीपटलातून पदार्थ आपोआप जातात ते "निष्क्रिय वहन", आणि ऊर्जा खर्चून नेले जातात ते "सक्रिय वहन". पण विसरणातही (पदार्थ दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरण्यात) रेणू हलतातच, मग ते निष्क्रिय कसं? आणि सक्रियऐवजी "क्रियाशील" चालेल का?'

शंका रास्त आहे. रेणू तर क्षणभरही स्वस्थ नसतात. 'निष्क्रिय' हे विशेषण त्यांचं नव्हे, पेशीचं आहे. ऑक्सिजन आत शिरतो तेव्हा पेशी हाताची घडी घालून बसलेली असते. सक्रिय वहनात मात्र ती पदरमोड करते: कमी संहतीकडून जास्त संहतीकडे, म्हणजे विरळ भागातून दाट भागाकडे पदार्थ ढकलायचा, तर एटीपी हा पेशीचा ऊर्जा पुरवणारा रेणू मोडावा लागतो.

'क्रियाशील' नको. रसायनशास्त्रात तो शब्द 'इतर पदार्थांशी चटकन अभिक्रिया करणारा' या अर्थाने आधीच गुंतलेला आहे. सोडिअम आणि पोटॅशिअम हे अतिशय क्रियाशील धातू, आणि सक्रिय वहनाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण नेमकं यांच्याच आयनांचं (विद्युतभारित अणूंचं). विद्यार्थ्याचा गोंधळ ठरलेलाच!

हे उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. पेशीबाहेर सोडिअम भरपूर, आत पोटॅशिअम भरपूर. दोन्ही सतत थोडेथोडे झिरपत असतात, त्यामुळे पटलातलं एक प्रथिन एटीपीच्या एका रेणूमागे ३ सोडिअम आयन बाहेर काढतं आणि २ पोटॅशिअम आत घेतं. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांना १९५७ साली हे प्रथिन, म्हणजे एक विकर (एन्झाइम), सापडलं ते खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंत. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं.

या प्रथिनाला सगळे 'सोडिअम-पोटॅशिअम पंप' म्हणतात. पंपिंगसाठीचा 'उदंचन' हा शब्द महापालिकेच्या पाट्यांवर शोभतो. इथे पंपच बरा. पित्तासाठी ओमेप्राझोल घेणाऱ्यांनी 'प्रोटॉन पंप' ऐकलाच असेल. जठराच्या अस्तरातला हा पंप हायड्रोजन आयन रक्ताच्या सुमारे दहा लाख पट संहतीपर्यंत चढवतो, आणि ती गोळी त्यालाच बंद पाडते.

खरी अडचण येते 'दुय्यम सक्रिय वहना'त. 'दुय्यम' म्हटलं की कमी महत्त्वाचं वाटतं. मला 'अप्रत्यक्ष' जास्त पटतो, कारण इथे एटीपी थेट खर्च होत नाही. आतड्याच्या पेशीत सोडिअम कमी असल्यामुळे तो आत यायला पाहतो, आणि येताना त्याच वाहक प्रथिनातून ग्लुकोजलाही चढावर ओढून आणतो. सोडिअम कमी ठेवण्याचा खर्च पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप करत असतो. जलसंजीवनीत मिठासोबत साखर असते ती चवीसाठी नव्हे, यासाठी. दोन्ही मिळून आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. पटकीत (कॉलऱ्यात) जुलाब चालू असतानाही ही वाट शाबूत राहते, म्हणून तोंडाने दिलेलं पाणी अंगी लागतं.