इमारतीआधी वाळू

प्रिय,

कोल्हापूरच्या फौंड्र्यांच्या, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यांच्या, क्लस्टरच्या (एकत्रित उद्योगसमूहाच्या) प्रस्तावाचा तुझा मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर इमारत उभी राहिली आणि तिच्यात कोण कशाला येणार, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

तैवानमधल्या शिंचूचा दाखला दिला आहेस, तो अर्धाच. ते विज्ञान उद्यान 1980 साली सुरू झालं खरं. पण शेजारी दोन विद्यापीठं होती आणि 1973 पासून सरकारी औद्योगिक संशोधन संस्था काम करत होती. या संस्थेनं चिप बनवायचं तंत्र अमेरिकेतल्या आरसीए कंपनीकडून घेतलं, आपले अभियंते तिकडे शिकायला धाडले. यूएमसी आणि 1987 साली टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपन्या निघाल्या त्या याच संस्थेतून. जागा आणि करसवलत काय, कोणीही देतं.

आता आपलं कोल्हापूर. इथल्या फौंड्र्या कुठल्या योजनेनं आल्या नाहीत. ऊस होता, गुऱ्हाळं होती, पाण्यासाठी ऑइल इंजिनं होती. ती बिघडायची, म्हणून मेस्त्री तयार झाले. दुरुस्ती करता करता सुटे भाग आणि पुढे अख्खी इंजिनं बनवू लागले. शिवाजी उद्यमनगर भरलं, मग शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती. पॅटर्नवाला (साच्यासाठी नमुना बनवणारा), मोल्डर (वाळूचा साचा करणारा), मशीनशॉप सगळे हाकेच्या अंतरावर. कुणाचं रिजेक्शन, म्हणजे नापास माल, का वाढलं, हे चहाच्या टपरीवर कळतं! मार्शल या अर्थतज्ज्ञानं 1890 मध्ये लिहिलं, की अशा ठिकाणी धंद्यातली गुपितं गुपितं राहत नाहीत, ती हवेतच असतात.

मात्र त्या हवेतून नवं डिझाइन येत नाही. पुष्कळसं काम गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर चालतं आणि शेजारी दर पाडेल ही धास्ती कायम. अशांना ‘एकत्र संशोधन करा’ म्हटलंस तर मान डोलावतील आणि घरी जातील.

म्हणून सुरुवात वाळूपासून कर. मोल्डिंगची, म्हणजे ओतकामाच्या साच्यांची, वापरलेली वाळू टाकायची कुठे, हा प्रश्न सगळ्यांचा. ती पुन्हा वापरण्याजोगी करणारा प्लँट लहान फौंड्रीला एकटीला झेपत नाही आणि त्यात कुणाचं गुपितही फुटत नाही. सामायिक सुविधा केंद्रासाठी अनुदान मिळतं, पण आधी मालकांच्या खिशातून वाटा काढून घे. मगच ते हिशेब विचारायला येतील. प्लँट कोण चालवणार, टनाला दर किती, पहिल्या वर्षीचं वीजबिल कोण भरणार, हे पहिल्या पानावर लिही. प्रयोगशाळा दुसऱ्या टप्प्यात टाक. इमारतीचा नकाशा सध्या बाजूला ठेव. बिनकामाचा नाही, पण घाईचाही नाही.