साथ आली कुठून?

प्रश्न: गावात एकदम जुलाब-उलट्यांची साथ आली की सगळे विहिरीलाच दोष देतात, पण खरं कारण शोधतात कसं?

उत्तर: विहिरीवर संशय रास्तच आहे, पण आधी पेशंटची यादी करतात, वय, घर, त्रास कधी सुरू झाला वगैरे, कॉलऱ्यात जंतू पोटात गेल्यावर काही तास ते 5 दिवसांत त्रास होतो म्हणून तेवढं मागे जाऊन काय खाल्लं-प्यायलं ते विचारायचं. आणि जे आजारी पडले नाहीत त्यांनाही विचाराच, हे लोक नेहमी विसरतात! 1854 मध्ये लंडनला कॉलऱ्याची साथ आली तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरला दिसलं की दूषित पंपाजवळच्या बिअर कारखान्यातले कामगार ठणठणीत आहेत, कारण ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते. पाण्याचा नमुना मात्र ब्लीचिंग पावडर टाकायच्या आधीच घ्या, नंतर जंतू सापडणं कठीण.