राखणीची कुत्री तयार करण्यात करिअर होईल का?

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे, बायोलॉजी घेतलंय. अभ्यासात बरा, पण कुत्र्यांचं भारी वेड. तीन महिन्यांपूर्वी हट्टाने जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं, ते आता पाच महिन्यांचं झालंय. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याला ‘अटॅक’ शिकवतो. मित्र हाताला पोतं गुंडाळून, काठी आपटत पिल्लावर धावून जातो. पिल्लू मागे सरकत भुंकतं, पोतं धरलं की सगळे टाळ्या वाजवतात. पाचगणीकडच्या बंगलेवाल्यांना राखणीची कुत्री तयार करून द्यायची, हाच धंदा करणार म्हणतो. त्याचे बाबा संतापलेत. यात खरंच काही भवितव्य आहे का?
— एक आई, वाई तालुका

उत्तर : ताई, नमस्कार.

करिअरचं सविस्तर बोलू, पण आधी पिल्लाचं, कारण त्याला थांबायला वेळ नाही. काठी-पोत्याचा खेळ आजच बंद करायला सांगा.

तुम्ही लिहिलंय, ते ‘मागे सरकत भुंकतं’. हे फार नेमकं टिपलंत. मागे सरकणारं पिल्लू घाबरलेलं असतं. त्याला शूर करतोय असं मुलांना वाटतंय, प्रत्यक्षात माणूस जवळ आला की भ्यायचं आणि भ्यालं की चावायचं, एवढंच ते शिकतंय. असं कुत्रं मोठं झालं की चोरावर जाईल याची खात्री नाही. दूधवाल्यावर, पाहुण्यांच्या लेकरावर मात्र जाऊ शकतं. दुसरं म्हणजे, या वयात त्याचे २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के दात येत असतात. हिरड्या दुखत असताना पोतं हिसकलं की दुखणं आणि पोतं यांची डोक्यात गाठ बसते.

जाणकार माणूस पिल्लावर कधीच धावून जात नाही, तो पिल्लापासून दूर पळतो. मऊ चिंधी जमिनीवरून सरपटत नेतो, पिल्लू पाठलाग करतं, तोंडभरून पकडतं आणि दर वेळी जिंकून ती मिरवत घेऊन जातं. दात बदलत असताना हाही खेळ थांबवतात. समोरच्या माणसाचा दबाव त्याच्यावर यायला लागतो तो पुष्कळ पुढे, शरीर आणि मन दोन्ही पक्कं झाल्यावर. तोवर त्याला बाजार, एसटी स्टँड, शाळा सुटतानाचा गलका, फटाके, गुरं, छत्र्या, हेल्मेट घातलेली माणसं हे सगळं शांतपणे बघायला शिकवायचं. हे काम बघायला कंटाळवाणं आहे, त्याचे व्हिडिओ चालत नाहीत, पण या व्यवसायाचा पाया हाच आहे.

जर्मन शेफर्डची मूळ संघटना जर्मनीत १८९९ मध्ये स्थापन झाली आणि ‘शुत्सहुंड’ ही संरक्षक कुत्र्यांची परीक्षा तिथूनच जगभर गेली. आज ती आयजीपी नावाने होते. माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तिचे तीन भाग, प्रत्येकी १०० गुणांचे. १५ महिन्यांआधी कुत्र्याला प्राथमिक वर्तन परीक्षेलाही बसवत नाहीत, आयजीपीच्या पहिल्या पातळीला १८ महिने पूर्ण लागतात. आणि मूळ आज्ञेनंतर आणखी दोनदा सांगूनही कुत्र्याने पकड सोडली नाही, तर ते थेट बाद होतं. मुलाला हा नियम आवर्जून सांगा. माझ्या मते चावायला लावणारे पुष्कळ मिळतात. सांगितल्या क्षणी सोडायला लावणारा प्रशिक्षक शोधावा लागतो.

आता करिअर. त्याच्याकडे बायोलॉजी आहे, म्हणून माझी पहिली पसंती पशुवैद्यकीय पदवीला. नीट द्यावी लागते, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं लागतात. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला फार लांब नाही. ही पदवी असली की लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये, म्हणजे जनावरं सांभाळणाऱ्या विभागात, अधिकारी होता येतं. लष्कराची कुत्री तयार होतात ती याच कोअरच्या मेरठच्या केंद्रात. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या चकमकीत गोळ्या लागूनही लढत राहिलेला आणि नंतर दगावलेला ‘झूम’ हा श्वान लष्कराचाच होता.

दुसरा रस्ता वर्दीचा. बीएसएफचं ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला, सीआरपीएफचं बंगळुरूजवळ तरळूला, आयटीबीपीचं पंचकुलाजवळ भानूला श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. आपल्या पोलिसांचं पुण्यात आहे. पण थेट ‘श्वान हस्तक’ (कुत्रं हाताळणारा) म्हणून भरती होईल असं धरून चालू नका. आधी शिपाई व्हायचं, मग आवड आणि रेकॉर्ड बघून श्वान पथकात निवड होते. तिथेही बहुतेक कुत्र्यांचं काम नाकाचं : माग, स्फोटकं, अमली पदार्थ. १९९३ मध्ये मुंबईत आरडीएक्स हुडकणारा ‘जंजीर’ लॅब्रेडॉर होता, हे त्याला माहीत असेलच.

खासगी धंद्यात पैसा आहे, पण तो मुख्यतः घरगुती कुत्र्यांना शिस्त लावण्यात आणि बोर्डिंगमध्ये. ‘अटॅक डॉग’ विकण्याला माझा विरोध आहे. शनिवार-रविवारी येणारा बंगलेमालक त्या कुत्र्याला सांभाळू शकत नाही. दिवसभर ते माळीकाकांच्या गळ्यात पडतं, आणि त्यांना आज्ञा कोणी शिकवलेल्या नसतात. कुणाला इजा झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली, जनावराबाबत निष्काळजीपणा केल्याबद्दल, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. राखणीला सावध, धीट आणि वेळेवर भुंकणारं कुत्रं पुरतं. तसं तयार करून, मालकासोबत माळीकाकांनाही शिकवून दिलं, तर तो धंदा मानाने चालेल.

त्याच्या बाबांना सांगा, वेड मोडू नका. बारावीनंतर सुट्टीत त्याला पशुवैद्यकाच्या दवाखान्यात आणि चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली पाठवा. प्रशिक्षक निवडताना एकच बघा : त्याची स्वतःची कुत्री अनोळखी माणसांत मोकळी, शांत बसतात का? नीटचा अर्ज भरा. सोबत पोलीस भरतीचीही तयारी ठेवा : १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. सकाळी धावायला जाताना पिल्लाला मात्र नेऊ देऊ नका, वर्ष-सव्वा वर्षापर्यंत त्याचे सांधे कच्चे असतात. त्याला वेगळं, सावकाश फिरवा. आणि त्याच्या रेबीजच्या लशीची तारीख कार्डावर तपासून घ्या.